मागून हाक

आरशाच्या कडेला, वापरून चिकटवलेल्या टिकल्यांच्या रांगेत, तो काटा होता — मधमाशीचा, काळपट, केसाहून जरासा जाड, मागे सुकलेल्या विषाच्या पिशवीचा पापुद्रा — आणि केस बांधता बांधता सुरभीला नम्रताचं ते बोलणं आठवलं, जे तिनं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. डंख गुडघ्यावर आणि सूज गुडघ्यावर, तर सुजू दे. पण डंख गुडघ्यावर आणि खाज मानेवर, असं झालं की त्या माणसाला परत डंख घ्यायला पाठवायचं नाही. नम्रता उपकेंद्रातली नर्स. बायच्या, सुरभीच्या तान्ह्या लेकीच्या, पहिल्या लशीच्या वेळी, इवल्याशा मांडीवर कापूस दाबून धरत तिनं हे सांगितलं होतं, आणि सुरभी मान डोलावत मनात म्हणाली होती, दवाखान्यातल्या माणसांना दवाखान्याबाहेर बरं झालेलं बघवत नाही.

काटा सासूबाईंनीच, चंद्राबाईंनीच, तिथं लावला होता. गुडघ्यांना माश्या लावून घ्यायच्या पहिल्या खेपेला सुरभी त्यांच्याबरोबर नवीनकडे गेली होती, तेव्हा तिनं डोळ्यांनी पाहिलं — नवीननं चिमट्यात माशी धरली, गुडघ्याच्या वाटीखाली बोटानं चाचपून एक जागा काढली, माशी टेकवली… माशी गळून पडली, मेली. पण तिची पिशवी काट्याला लटकून तिथंच राहिली आणि एकटीच ठोके देत राहिली. माशी नाही, जीव नाही, तरी विष आत ढकलणं चालू. सुरभीनं तोंड फिरवलं होतं. चंद्राबाई मात्र वाकून बघत हसल्या होत्या, "बघ गं, मेली तरी कामाला हाय. आमच्यासारकीच." मग तो काटा पातळाला चिकटून घरी आला, आणि त्यांनी तो असा मिरवायला ठेवला.

बाय खांद्यावर होती. कालच तिसरी लस झाली होती. रात्रभर कण्हून आता कुठं तिला ग्लानी आली होती, आणि तिच्या कपाळाची धग ब्लाउजमधून सुरभीच्या खांद्याला लागत होती. खाली ठेवलं की जागी होणार, जागी झाली की रडणार… तशीच घेऊन सुरभी ओटीवर आली. समोर वालाचं शेत फुललं होतं, त्यावर दुपारचं ऊन, आणि शेतापलीकडे नेरळला जाणारा रस्ता. रस्त्यावर कोणी नाही. म्हणजे टेंपो होता, वाटेवरच्या रिसॉर्टला निघालेल्या दोन गाड्या होत्या, चंद्राबाई नव्हत्या.

नवीन वाईट माणूस नाही, हे ती स्वतःला पुन्हा एकदा सांगते. नेरळचा पोरगा, मुंबईतली नोकरी सोडून रिसॉर्टमागच्या पडीक जागेत मधाच्या पेट्या मांडून बसलेला. मध विकता विकता कुठंसं जाऊन सुया टोचायचं शिकून आला, आणि मग सुईच्या जागी माशी. आधी लोक हसले. मग आमच्या तांबीचे दोन सड दगडासारखे झाले, वासरू तोंड लावेल तर लाथा झाडायची. जनावरांचा डॉक्टर इंजेक्शन देऊन गेला, तरी कास उतरेना, म्हणून चंद्राबाईंनी नवीनला बोलावलं. त्यानं कासेभोवती माश्या लावल्या, गाय थरथरली, दावं तोडायला निघाली, आणि दोन-तीन दिवसांत कास मऊ झाली. डॉक्टरच्या इंजेक्शनानं उतरली की नवीनच्या माश्यांनी — कोण सांगणार? चंद्राबाईंनी मात्र ठरवून टाकलं. जनावर काय खोटं बोलतंय? आणि लगेच स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं.

ते गुडघे… सुरभी बाळंत झाली तेव्हा चंद्राबाईंना खाली बसता येत नव्हतं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं तर पाय लांब पसरून मोरीत बसायला हवं. त्या दाराला धरून उभ्या राहायच्या आणि दुसरीच कोणीतरी बाई नातीला न्हाऊ घालताना बघत राहायच्या. पाणी कढत आहे का, एवढंच विचारायच्या. माश्यांच्या चार-पाच खेपा झाल्यावर एका सकाळी सुरभीला जाग आली ती मोरीतल्या आवाजानं — चंद्राबाई खाली बसल्या होत्या, पाय पसरून, पायांवर बाय पालथी, आणि त्या तिच्या पाठीवर पाणी ओतत तिच्याशी भांडत होत्या, "रड, रड, आजीवर रड, आता कुटं जाशील?" सुरभी दारात उभी राहून रडली होती. त्या दिवशी नम्रताचं बोलणं तिनं पुरतंच पुसून टाकलं. कसं नाही पुसणार?

आणि तिला वाटलं होतं की ती विचार करून पुसते आहे. बीएस्सी झालेली बाई. दुसऱ्या लशीनंतर नम्रतानंच नव्हतं का सांगितलं, ताप आला तर घाबरू नका, लस कामाला लागली समजा? मग नवीन म्हणतो की सूज आली म्हणजे लागू पडलं, खाज आली म्हणजे विष फिरतंय, तर त्यात चूक काय? ताप तसाच, सूज तशीच. नवऱ्याला, जितेशला, तिनं हे अगदी फळ्यावर लिहिल्यासारखं समजावलं होतं, आणि तो डबा भरता भरता म्हणाला होता, बरंय, आमच्या घरात दोन डॉक्टर झाले, एक माशी आणि एक तू.

मागच्या खेपेनंतर ती चंद्राबाईंच्या केसांना तेल लावायला बसली. केस बाजूला केले, तर कानामागून मानेपर्यंत पित्त उठल्यासारखे लाल चट्टे. हाताला कढत लागले. चंद्राबाई सारख्या तळवे खाजवत होत्या, ओठ जड झाल्यासारखं बोलत होत्या. "वालाच्या कुपनाला खाजकुयली हाय गं, घासली आसंल." सुरभीचा हात तिथंच थांबला होता. खाजकुयली कुंपणाला होती, हे खरं. पण त्या दिवशी चंद्राबाई शेतात गेल्याच नव्हत्या, हेही खरं… आणि तिनं पहिलं खरं घेतलं, दुसरं तेलात चोळून टाकलं. सकाळपर्यंत चट्टे गेले. गेले म्हणजे नव्हतेच, असं काहीतरी.

आज सकाळी चंद्राबाईंनी ते जुनं, सैलसर हिरवं पातळ काढलं, जे गुडघ्याच्या वर सरकवता येतं. सुरभीनं ते पाहिलं आणि तिला कळलं. त्यांनी फोन फळीवर ठेवला — नवीनकडे माश्यांजवळ फोन चालत नाही, त्याचा स्वतःचाही तो बंद ठेवतो — चपला हातात घेतल्या, म्हणजे बाय जागी होऊ नये, आणि ओटीची पायरी उतरल्या. कुठं निघाल्या ते बोलल्या नाहीत. बोलायचं नसतंच. औषधाला जाणाऱ्या माणसानं सांगून जायचं नाही, कोणी त्याला कुठं चाललात विचारायचं नाही, आणि मागून हाक तर मारायचीच नाही. औषधाचा गुण जातो. लग्न होऊन आली तेव्हा सुरभीला हे ठाऊक नव्हतं. कावीळ उतरवायला निघालेल्या सासऱ्यांना तिनं मागून विचारलं होतं, कुठं निघालात? ते एक शब्द न बोलता माघारी आले, ओटीवर बसले, पाणी मागितलं, पाणी पिऊन पुरते अर्धा तास बसून राहिले आणि मग नव्यानं निघाले. चंद्राबाई तेव्हा तिच्यावर चिडल्या नव्हत्या. नुसतं म्हणाल्या होत्या, "येवढं एक शिक."

ती शिकली होती. म्हणून आज तांबीच्या गोठ्यावरून, वालाच्या बांधावरून ती हिरवी पाठ लांब लांब जाताना तिनं पाहिली — आता पाय ओढत नव्हत्या, ताठ चालत होत्या, हेच तर — आणि हाक घशाशी आली. 'आई' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. बाय खांद्यावर हलली… आणि मी हाक मारली नाही.

मग उन्हं चढली.

नवीनचा फोन बंद. नम्रता डोंगरातल्या वाडीवर लसीकरणाला गेलेली, तिथं रेंज नाही. जितेश कुंभिवलीच्या कंपनीत. तिथं गेटवर फोन काढून घेतात, पेटीत टाकतात, सुटल्यावर देतात. तिला ती पेटी दिसते, आत सगळ्यांचे फोन एकमेकांवर पडलेले, त्यातला एक थरथरतोय, आणि जवळ कोणी नाही. तिनं रुग्णवाहिकेचा नंबरसुद्धा काढला होता. अंगठा त्यावर होता. काय सांगणार? कोणाला काय झालंय? — अजून काही झालेलं नाही. कुठं आहेत? — नवीनकडे की वाटेत, माहीत नाही.

मध्ये ती शेजारच्या छायाकाकूंच्या दारात गेली. काकू सुपात वाल निवडत होत्या. सुरभीनं घाईघाईनं सगळं सांगितलं, मान, चट्टे, नम्रता. काकूंचा मुलगा मोटारसायकल घेऊन जाईल का, नुसतं बघून येईल का. तो कर्जतला गेला होता. आणि असता तरी —

"आगं येतील त्या. औशदाला गेलेल्याच्या मागं कोण जातं व्हय?" काकूंनी एक किडका दाणा बाहेर टाकला. "येवढी शिकलीस नि घाबरतेस? माशी चावून घ्यायला गेल्यात, वाघ नाय."

सुरभी हसली. खरंच हसली, तोंडानं. काकूंनी बायच्या पायाला हात लावला, "पोरगी तापलीय, तिच्याकडं बघ आदी," म्हणाल्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं. लहान जीव घेऊन पेट्यांमध्ये जायचं? बाय रडणार, हात झाडणार. माश्या आवाजाला बिथरतात. तिला काकूंकडे ठेवून जायचं? बाटली ती घेत नाही, तासाभरात आईचंच लागतं… आणि ताप वाढला तर? प्रत्येक वाट ती मनात चालून पाहते आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक बाळ ठेवलेलं असतं, किंवा एक म्हातारी.

आता पुन्हा ओटी. पुन्हा रस्ता.

तिला कळतंय की भीती नवीनकडची नाही. तिथं काही झालं तर निदान तो असेल, गाडी असेल. भीती नंतरची आहे. नम्रता लस दिल्यावर बायांना उठूच देत नाही. बाकावर बसवते, गप्पा मारते, कुरकुर केली तर दटावते, अर्धा तास बसायचं म्हणजे बसायचं, अंगाला सोसलं नाही तर तेवढ्यातच कळतं. सुरभीला वाटायचं, ही उगीच धाक दाखवते. नवीनकडे बाक नाही. डंख झाला, काटे काढले, की चंद्राबाई पदर सारखा करून उठतात, कारण इकडे, कळंबकडे येणारी शेअर रिक्षा गाठायची असते, आणि रिक्षा भरून आली तर थांबत नाही, मग त्या चालत सुटतात. गुडघे चांगले झालेत ना. रस्त्याच्या कडेनं, उन्हातून, एकट्या. मेलेल्या माशीची पिशवी काढून टाकली तरी आत गेलेलं आत चालूच असतं… त्यांना पहिल्यांदा काय होईल? तळवे खाजतील. त्या खाजवतील आणि खाजकुयली म्हणतील. मग ओठ. मग गरगरेल, वाटेल ऊन लागलं. त्या कोणाला सांगणार नाहीत. औषधाहून परतताना वाटेत बोलायचंही नसतं.

बायनं खांद्यावर उसासा टाकला. तिच्या मानेखाली घाम आला होता. ताप उतरत होता. सुरभीनं तिथं ओठ टेकले, आणि तिला एकदम ते दिसलं, सकाळपासून डोळ्यांसमोर असून न दिसलेलं. मागून हाक मारली असती तर काय झालं असतं? त्या माघारी आल्या असत्या. बोलल्या नसत्या, रागावल्या असत्या, पण आल्या असत्या. ओटीवर बसल्या असत्या, पाणी मागितलं असतं. अर्धा तास. तेवढ्यात मी त्यांचा हात धरला असता, मान दाखवली असती, काहीही केलं असतं. औषधाचा गुण घालवणारी ती हाक — तीच तर हवी होती. ती माझ्या तोंडात होती. अजून आहे.

ती ओटीच्या कडेशी आली आणि रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून तिनं हाक मारली. "आई." बाय दचकली नाही. आवाज वालाच्या फुलांवरून जरासा गेला आणि खाली बसला. छायाकाकूंनी सुपातून मान वर केली. सुरभीनं पुन्हा मारली, मोठ्यानं. तिला लाज वाटली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. पण इथून तिथवर आवाज पोचत नाही. माझा नाही पोचत. म्हणून आता तुम्हाला सांगते — तुम्ही नेरळहून कळंबकडे येत असाल, गाडीनं, रिक्षानं, कशानंही, तर त्या रिसॉर्टच्या लांब भिंतीनंतर जरा हळू करा. हिरवं जुनं पातळ, चपला बहुधा हातात, ताठ चालणारी म्हातारी. चालत असल्या तर थांबून त्यांची मान बघा, ओठ बघा. आणि कुठं झाडाखाली टेकल्या असल्या, डोळे मिटून, तर झोपल्यात म्हणून पुढं जाऊ नका. चंद्राबाई नाव आहे. मागून हाक मारा. मागूनच मारा, त्या वळतील, बसतील, पाणी मागतील… त्यांना एकटं उठू देऊ नका.