शिबिराची कात्री आणि करंजाची गाठ

"रिकामी कात्री वाजवू नको वं पोट्टे, घरात भांडणं होतात!"

मीरामावशींचा हा आवाज मी कितीदा तरी ऐकला आहे. मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कात्री आहे. रायपूरच्या गोल बाजारातून मावशींनी मला पारखून आणलं आणि मी थेट रानात आले. शहराबाहेर जंगलालगत शाळेच्या मुलांचं निवासी शिबिर भरतं. मुलं तिथे पक्षी ओळखतात, नाल्याचं पाणी तपासतात, आपलं ताट आपण घासतात. मावशी त्यांचा स्वयंपाक करतात आणि स्वतः उपासतापास, जप करतात.

मी दुधाच्या पिशव्या कापल्या, खरचटलेल्या गुडघ्यांच्या पट्ट्या कापल्या. दसऱ्याला मावशी मला कुंकू लावायच्या. "माझी लक्ष्मी आहे ही," म्हणायच्या. पण मानाचं काम शिबिराच्या शेवटच्या सकाळी सूत कापायचं. त्या दिवशी प्रत्येक मूल एक रोप निवडतं, त्याला सूत बांधतं आणि मनात एक संकल्प करतं. ही रीत मावशींनीच घातली. पावसाळ्यात सूत कुजून आपोआप गळून पडायचं.

पुढे लाल मुठीची नवी कात्री आली. मी खिळ्यावर टांगलेली राहिले. गंजले.

दोन वर्षांपूर्वी ऐनवेळी सूत संपलं. तेव्हा तंबूची नायलॉनची दोरी तोडून रोपांना बांधली. "पक्की आहे, संकल्पही पक्का राहील," मावशी म्हणाल्या. ते सगळ्यांनाच पटलं.

तेव्हा करंजाच्या रोपाला दोरी बांधून गेलेली स्वरदा यंदा पुन्हा शिबिराला आली. बसमधून उतरताच ती आपल्या करंजाकडे धावली आणि रडवेली होऊन स्वयंपाकघरात शिरली.

"मौसी, रस्सी पेड़ के अंदर घुस गई है! काटनी पड़ेगी."

मावशींचा हात पोळीवर थांबला. "संकल्पाची गाठ कापत नसतात बेटा. पाप लागते."

शिबिरप्रमुख सुशीलसर दारात उभे होते. "दीदी, उपास तुमी करा. झाडाले काहून उपाशी मारता? त्याचा गळा आवळून राहिला."

"तुमाले ना देव, ना धर्म!" मावशी चिडल्या. तरी त्या झाडापाशी गेल्या. साल दोरीच्या वर-खाली फुगली होती, शेंड्याची पानं पिवळी पडली होती. मावशींनी तिथे बोट ठेवलं आणि त्या स्वयंपाकघरात परतल्या.

सरांनी नवी कात्री लावून पाहिली. तिची मूठच मोडली. मावशींनी तो देवाचा कौल मानला. "पाहा," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवसांत त्यांना जेवण गोड लागलं नाही, जपात मन लागलं नाही.

निघायच्या दिवशी बस सुरू झाली, तरी स्वरदा मावशींचा पदर धरून होती.

"मौसी, मैंने उस दिन सोचा था कि नल खुला नहीं छोड़ूँगी. आज तक नहीं छोड़ा. रस्सी कट गई तो क्या मैं भूल जाऊँगी?"

 मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हव बेटा. तुझ्या झाडाची कापतो. सगळ्याच झाडांची कापतो. एकही ठेवत नाही, जा."

मित्रांनो, झाडाला जीव लावा, पण त्याला वाढायला जागाही ठेवा. आज बांधलेली गाठ उद्या सैल आहे का, हे पाहायला परत या. आणि आमच्यासारख्या जुन्या अवजारांना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आमची गरज कधी पडेल, सांगता येत नाही.

बस गेली. त्या दिवशी एकादशी होती. मावशींनी मला खिळ्यावरून काढलं, पाट्यावर घासलं, सांध्यात तेल सोडलं. सर म्हणाले, "दीदी, ऊन उतरू द्या. आज तुमच्या पोटात काही नाही."

मावशींनी डोक्यावर पदर घेतला, मला मुठीत धरलं आणि नामस्मरण करत त्या रोपांकडे चालू लागल्या.