उघड्या पाठीचा हेडफोन

"लगेच काढू नको! दोन्ही कानांवर राहू दे की," शिवराज दुकानाच्या काउंटरमागून ओरडला.

परंतु बद्रीनाथने हेडफोन उतरवलाच. त्या बंद पाठीच्या हेडफोनमध्ये गुलमंडीच्या बाजाराचा अवघा कोलाहल क्षणार्धात मावळला होता, आणि त्या शांततेचे सुख वाटण्याआधीच त्याला आईची हाक आठवली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी शेजारच्या पारूबाईंना बसवून तो आला होता. तरी कान हर्सूलच्या घराकडेच लागलेले होते.

"फर्दापूरच्या शूटिंगला हाच लागतो," शिवराज म्हणाला. "आवाज टिपताना बाहेरचं काहीच आत यायला नाय पाहिजे. दोन महिने तिथंच राहायचं काम हाय. मी तुझं नाव दिलंय, माती नको करू."

"अन् घरी मिक्सिंगला?"

"घरी तर तू एकच कान झाकून बसतो, दुसरा आईसाठी उघडा! म्हणून तर भजनी मंडळासाठी तू केलेल्या त्या भजनात टाळ एकाच बाजूला बोंबलत होते. मंडळवाले इचारत होते, टाळकरी भांडून कोपऱ्यात बसला होता का?"

बद्रीनाथ हसला, पण ते हास्य ओठांवरच विरले.

"एक हाक ऐकू नाय आली, तर ती दुसरी मारत नाय रे. गप पडून राहती."

"तोवर आईला साहेबरावाकडं ठेव. भाऊच हाय ना तुझा?"

"इचारून झालं. त्याच्या घराला जिना हाय म्हणला."

"जिना काय आईनं चढायचाय व्हय?"

बद्रीनाथने हातातला हेडफोन काउंटरवर ठेवला. शिवराजने दुसरा हेडफोन काढला. त्याच्या पाठीला बारीक जाळी होती.

"हा उघड्या पाठीचा. मिक्सिंगला लई साफ. दोन्ही कानांवर घातला तरी घरातलं ऐकू येतं. पण शूटिंगला काय कामाचा नाय, सांगून ठेवतो."

बद्रीनाथने तो कानांवर चढवला. गाणे सुरू झाले, आणि गाण्याच्या आरपार रस्त्यावरच्या रिक्षाचा भोंगा स्वच्छ ऐकू आला.

"हाच दे."

"मग फर्दापूर?"

"त्यांना म्हणावं, दुसरा बघा."

सायंकाळी घरी त्याने तेच भजन पुन्हा मिक्सिंगला घेतले. कित्येक वर्षांनी दोन्ही कान एकाच कामाला लागले होते. टाळ आपापल्या जागी गेले, पखवाज मधोमध येऊन बसला. इतके नेटके काम आपल्या हातून होते, याचे त्यालाच नवल वाटले.

तेवढ्यात जाळीतून क्षीण हाक आली, "बद्री…"

हेडफोन न काढताच तो उठला. वायर पलंगापर्यंत पुरली.