चौथी पट्टी

होसियतने समरकंदजवळच्या उर्गुतच्या शाळेत पस्तीस वर्षं भूमिती शिकवली. मी त्याच शाळेत ग्रंथालय सांभाळायचे आणि आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. त्यामुळे तिचं काय चाललंय हे मला कधी विचारावं लागलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी तिला शाल दिली, मुख्याध्यापकांनी भाषण दिलं, आणि उत्तरादाखल ती उभी राहून म्हणाली, "आता मी माझं सगळं अर्धवट राहिलेलं भरतकाम पुरं करणार आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा कमी वाजवल्या, कारण तिची पेटी मी पाहिलेली होती.

दुसऱ्याच दिवशी तिने मला हाक मारली आणि पेटी उघडली. वर पाळण्यावर घालायचं पांघरूण होतं, मुलगी मुअत्तर पोटात असताना सुरू केलेलं. मुअत्तर आता तेहेतीस वर्षांची आहे. त्याखाली नवऱ्यासाठी भरायला घेतलेली टोपी. मग दोन उशांचे अभ्रे. आणि तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या, सुझानीच्या तीन पट्ट्या.

आमच्याकडे मुलगी वर्षाची झाली की तिच्या लग्नातल्या सुझानीची तयारी सुरू होते. ही दोन पलंग झाकेल एवढी मोठी भरलेली चादर, नवरीच्या खोलीत भिंतीवर टांगायची. कापडाच्या चार पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून त्यावर एखादी जाणती बाई नक्षी रेखते; मग टाके उसवून एकेक पट्टी घरातल्या बायका वाटून घेतात, भरतात आणि शेवटी पुन्हा जोडतात. संसार अखंड चालावा म्हणून एखादं पान मुद्दाम अर्धवट सोडायची रीत आहे. होसियतने तीन पट्ट्या सोडल्या होत्या.

पण तसं कुणी म्हणत नसे. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं की सुझानी अडली ती चौथ्या पट्टीपायी, आणि चौथी पट्टी होती सनोबरआपाकडे, म्हणजे होसियतच्या थोरल्या नणंदेकडे. मुअत्तरच्या लग्नात भिंतीवर बाजारातली, मशिनवर भरलेली सुझानी टांगलेली होती. पाहुण्या बायकांनी विचारलं तेव्हा होसियत सगळ्यांसमोर म्हणाली, "काय करू? चौथी पट्टी आमच्या सनोबरआपांकडे आहे. वीस वर्षं झाली." सनोबरआपा तिथेच बसलेली होती. ती उठली, पुलावाला हातही न लावता घरी गेली. त्यानंतर बारा वर्षं दोघी फक्त मयतीला एकमेकींसमोर आल्या. त्यांतली एक खुद्द नेमतची होती, होसियतच्या नवऱ्याची, सनोबरआपाच्या सख्ख्या भावाची. तेव्हाही दोघी दोन कोपऱ्यांत बसून रडल्या.

होसियतने सोप्यापासून सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात पाळण्याचं पांघरूण पुरं झालं. ते तिने समरकंदला मुलीकडे पाठवून दिलं, आठवण म्हणून. चार दिवसांनी मुअत्तरचा फोन आला. मी शेजारी चहा पीत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"ओयी, तू काय पाठवलंस हे?"

"का? आवडलं नाही?"

"सासूबाईंनी पार्सल उघडलं. त्यांना वाटलं मला दिवस गेलेत आणि मी फक्त तुलाच सांगितलंय. तेव्हापासून अंडी उकडून घालताहेत मला. शेजारणी मुबारक द्यायला येताहेत!"

"मग सांग ना, तसं काही नाही म्हणून."

"सांगितलं. त्या म्हणतात, पहिल्या महिन्यांत नाहीच म्हणायचं असतं."

होसियतने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "टाके तर सरळ आलेत. माझं काय चुकलं?"

मग टोपी झाली. ती घालायला नेमत नव्हता, त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. तिने ती खुंटीवर अडकवली आणि दोन दिवस माझ्याशीही फारसं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र भिंतीवरून हाक आली, "साजिदा, ये. पट्ट्या काढते."

आम्ही पट्ट्या अंगणात चटईवर पसरल्या. मी वाट बघत होते की आता भरलेली बाजू वर येईल. पण वर होती तीच भरलेली बाजू. पहिल्या पट्टीवर दीड गोल भरलेला. दुसऱ्यावर काही पानं. तिसऱ्यावर नुसती पेनाची रेघ, तीही फिकी पडलेली, आणि एका पाकळीच्या मधोमध टोचून ठेवलेली गंजकी सुई.

"होसियत," मी म्हटलं, "ह्या तर तयार होत्या ना?"

"होत्याच की. जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

तिने चष्मा काढून पुसला, परत घातला, पट्टीकडे पाहिलं. "रेशीम झडलं असेल. तीस वर्षं झाली."

रेशीम झडलं तर निदान सुईची भोकं तरी राहतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी गिळून टाकलं, कारण तिचा चेहरा खोटं बोलणाऱ्या बाईचा नव्हता. तिला खरंच तसं आठवत होतं. इतकी वर्षं तिने सांगितलेलं सगळ्यात मन लावून कुणी ऐकलं असेल तर ते तिनेच.

अख्खा हिवाळा ती भरत बसली. शेगडीवर बुटकं मेज, मेजावर रजई, रजईखाली पाय, आणि मांडीवर पट्टी. बोटांना चिरा पडल्या. सुरुवातीला टाका इतका घट्ट ओढायची की कापड गोळा व्हायचं. मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "ढिलं मला चालत नाही." नवरोझच्या सणाला आठवडा असताना तिसऱ्या पट्टीची शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला आणि उठलीच. "चल. आज सनोबरआपांकडून पट्टी आणायची. तू साक्षीला हवीस."

भांडायला जायचं तरी रिकाम्या हाताने कसं जाणार? तिने दोन गरम नान आणि वाटीभर हलवा घेतला, वर नवा रुमाल झाकला आणि तिन्ही पट्ट्या माझ्या काखेत दिल्या.

सनोबरआपा झऱ्याजवळच्या घरात एकटीच राहते. दार तिनेच उघडलं. तिने होसियतकडे पाहिलं, मग रुमालाकडे. "कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गेलं, आपा. मी पट्टी न्यायला आलेय. माझ्या तीन झाल्या."

"झाल्या?" सनोबरआपा दारातून बाजूला झाली. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. पट्टी द्या, नाहीतर भरली नाही म्हणून सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. रिकामी असली तरी द्या, मी भरीन."

सनोबरआपा आत गेली. बाहेर आली ती हातांत पांढरं फडकं घेऊन. फडक्यातून दवण्यासारखा कडवट वास येत होता. कसर लागू नये म्हणून तिने पाला घालून ठेवला होता. तिने गाठ सोडली आणि पट्टी आमच्यासमोर उलगडली. कडेला डाळिंबी रंगाचे चार अर्धे गोल, भोवती काळसर वेल, एकही टाका इकडचा तिकडे नाही. पूर्ण भरलेली.

होसियतने हात लावून पाहिलं. "कधी केलीत?"

"मुअत्तर दोन वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात."

"मग दिली का नाहीत?" तिचा आवाज वर चढला. "एकतीस वर्षं, आपा!"

"आणली होती. तू शाळेत गेली होतीस. आमच्या अम्मा ओसरीवर बसल्या होत्या आणि तुझ्या तिन्ही पट्ट्या खुंटीवर लटकत होत्या, कोऱ्या." सनोबरआपा पट्टीची कड सरळ करत बोलत होती. "माझ्या अम्मा कशा होत्या तुला माहितेय. मला म्हणाल्या, झाली का तुझी? मी हो म्हटलं असतं तर संध्याकाळी तू घरी आल्यावर तुझं काय झालं असतं? शिकलेली सून, टाका येत नाही, हेच ऐकलं असतंस जन्मभर. मी म्हटलं, नाही अम्मा, माझीच राहिलीय. पट्टी तशीच ओढणीखाली धरून परत आले."

होसियत पट्टीवरचा एक अर्धा गोल बोटाने गिरवत राहिली.

"मला वाटलं, वर्षभरात तुझ्या होतील, मग देईन. पुढच्या वर्षी अम्मांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. मग सगळेच म्हणायला लागले, सनोबरने अडवलीय. मग तूही म्हणायला लागलीस."

"लग्नात..." होसियत म्हणाली आणि थांबली.

"लग्नात अम्मा पहिल्या रांगेत बसलेल्या. त्यांच्यासमोर काय सांगणार? तुझी अब्रू झाकायला गेले आणि माझीच उघडी पडली."

मी हलव्याच्या वाटीकडे बघत बसले. साक्षीला आले होते खरी, पण कुणाची साक्ष द्यायची तेच कळेना. मग होसियत म्हणाली, "आपा, चारही पट्ट्या एकदा शेजारी लावून बघू या का?"

याहून जास्त माफी तिला मागता येत नाही. सनोबरआपाला ते ठाऊक असावं. तिने चटई झटकली.

चार पट्ट्या शेजारी लागल्या आणि नवीनच पंचाईत झाली. होसियतचे अर्धे गोल सनोबरआपाच्या अर्ध्या गोलांना मिळेनात. घट्ट टाक्यांनी कापड आखडलं होतं; पहिल्या गोलात फरक बोटभर, चौथ्यात तीन बोटं. लालही वेगळा, एक डाळिंबाचा, एक बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बादलीचा.

"पस्तीस वर्षं वर्तुळं शिकवलीस ना पोरींना?" सनोबरआपा म्हणाली.

"फळ्यावर, आपा. फळा आखडत नाही."

"उसव."

"सगळं?"

"नाहीतर काय, वाकड्याचं आपोआप सरळ होणार आहे? उसव. मी बसते इथे."

उसवायला होसियत तयार होती, पण अर्ध्या तासातच जुनं कापड सुईखाली फाटायला लागलं. शेवटी आहे तशीच जोडायची ठरली. पाच दिवस दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. टाका ढिला, टाका घट्ट, तुझा दोरा जाड, तुमचा चष्मा जुना, असं सतत चालू होतं. बारा वर्षांचं बोलणं एकदम आलं होतं आणि त्यातलं गोड फारसं नव्हतं. पण दुपारी सनोबरआपा समोशांसारखे समसे तंदुरात भाजायची आणि काठ कुरकुरीत झालेले होसियतच्या बाजूला सरकवायची.

आता होसियतला एकच ध्यास लागला: जे चारचौघींत बोललं ते चारचौघींतच परत घ्यायचं. नवरोझच्या सकाळी मोहल्ल्यातल्या बायका सुमलकच्या कढईभोवती जमतात. मोड आलेल्या गव्हाचा तो घाटा दिवसरात्र ढवळून सकाळी उघडायचा, वाटायचा. झाकण निघालं, दुवा मागून झाली, आणि होसियत वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"बायांनो, एक सांगायचंय. मुअत्तरची सुझानी सनोबरआपांमुळे अडली नव्हती. त्यांची पट्टी दुसऱ्याच वर्षी तयार होती. माझ्या तीन कोऱ्या होत्या. मी खोटं सांगत आले. चूक माझी आहे."

वाट्या घेऊन आलेल्या बायका वळून बघू लागल्या. मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने डोळ्यांना ओढणी लावली. "काय मन आहे बाईचं! सणाच्या दिवशी नणंदेचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं."

"नाही हो, खरंच माझी—"

"कळतं आम्हाला, मुअल्लिम. तुमच्यासारखी शिक्षिका कसली काम अर्धवट सोडतेय?" दुसरी म्हणाली. तिसरीने सनोबरआपाकडे वळून दटावलं, "बघा, आपा. आता तरी तिचे उपकार विसरू नका."

होसियतने माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगितलं की मी स्वतः जवळजवळ कोऱ्या पट्ट्या पाहिल्यात. तर म्हणे, शेजारीण आहे, तीही सांभाळून घेतेय, किती चांगल्या बाया आहेत दोघी. होसियत जितकी जोर लावून बोलायची तितकी तिची थोरवी वाढायची. शेवटी कुणीतरी तिला सुमलकची पहिली वाटी दिली, मानाची. सनोबरआपाला शेवटची मिळाली, खालचं करपलेलं खरवडून.

एप्रिलमध्ये मुअत्तर आली. सुझानी बघून रडली, आत्याच्या गळ्यात पडली, गोल जुळत नाहीत यावर हसली. मग टेपने मोजलं. तिच्या फ्लॅटचं छत सुझानीहून हातभर खाली. दुमडून लावावी तर नेमकी चौथी पट्टी आत जात होती. "ओयी, माझ्याकडे ती दुमडलेलीच राहील," ती म्हणाली. "आत्याच्या खोलीत भिंत उंच आहे. तिथेच टांगू या. मी येईन तेव्हा खाली झोपेन."

होसियतला हे एकदम पटलं. तिने स्वतः शिडीवर चढून खिळे मारले. निदान आता तरी लोकांना सनोबरआपाची पट्टी दिसेल, असा तिचा हिशेब.

लोकांना दिसली. पहिल्याच आठवड्यात तीन जणी चहाला येऊन बघून गेल्या, आणि शुक्रवारपर्यंत नानवाल्याच्या तंदूरपाशी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं: आधी एक पट्टी दाबून ठेवली, आता अख्खी सुझानीच लाटली बाईने.

मी हे सनोबरआपाकडे जाऊन सांगितलं. होसियत तिथेच होती. आताशा ती रोज दुपारी तिथेच असते, उशीचा अभ्रा घेऊन. ऐकताच तिने सुई ठेवली आणि उठली. "मी आत्ता जाते तंदूरपाशी. एकेकीला सांगते."

सनोबरआपाने तिचा हात धरून खाली बसवलं. "होसियत, तुला अल्लाची शपथ, माझी बाजू घेऊ नकोस. तू तोंड उघडलंस की माझंच वाटोळं होतं." आणि तिच्या हातातला अभ्रा उलटा करून टाके तपासत म्हणाली, "हे बघ, परत घट्ट ओढलंयस."