अक्रोडावरची जाळी

आमच्या गावात रेशीमकिडे पाळणारी एकटी मालये उरली होती. नवरा गेल्यावरही तिने ते सोडले नाहीत. तिच्या तुतीच्या बागेला लागून धाकट्या दिराची, इल्ह्वानची, अक्रोडाची झाडं. त्या वर्षी चुसोकचा, सुगीत पितरांना पान वाढायचा, सण तोंडावर आला आणि अक्रोडांवर पांढरी जाळी लटकली. आत केसाळ सुरवंट वळवळत होते. पानांच्या नुसत्या शिरा उरत होत्या.

इल्ह्वान पाठीवर पंप घेऊन निघाला, तर मालये बांधावर आडवी उभी.

"भाऊजी, औषध मारू नका. वाऱ्याने माझ्या तुतीवर येईल. किड्यांनी शेवटची कात टाकलीय. कोष बांधेपर्यंत तरी थांबा."

"आणि माझी झाडं बोडकी होऊ देऊ?"

"जाळी मी काढते."

"या वयात शिडीवर? पडलात तर दादा वरून येऊन माझे कान उपटेल."

"जिवंतपणी कधी उपटले नाहीत, आता कसले उपटतोय!"

तो हसला, पंप ठेवून लांब दांड्याची कात्री घेऊन आला. तो फांद्या कापायचा, ती गोळा करून जाळायची. पण उशीर झाला होता. शेंड्याचे सुरवंट मोठे होऊन जाळी सोडून पांगले. एका सकाळी मालये पाला तोडायला गेली, तर तुतीवर जवळजवळ नुसते देठच होते.

घरात किडे माना वर करून खायची वाट बघत होते. ती तशीच रिकामी टोपली घेऊन उंबऱ्यावर बसली. इल्ह्वानने ते पाहिलं आणि गाडी काढली. दुपारी तो खिंडीपलीकडून गाडीभर तुतीचा पाला घेऊन आला.

"कुठला हो हा?"

"नदीकाठच्या रस्त्याचा. बघा तरी, एक पान कुरतडलेलं नाही. तिथे सुरवंट औषधालाही नाही!"

तिने पान हुंगलं. वास नव्हता. मग दोघांनी मिळून रॅकवर पाला पसरला. किडे तुटून पडले.

संध्याकाळच्या आत ते डोकी झटकू लागले. तोंडातून हिरवं पाणी आलं, अंगं आखडली.

"भाऊजी," मालये हळूच म्हणाली, "तिथे सुरवंट का नव्हते?"

इल्ह्वानचा चेहरा उतरला. रस्त्याकडेची झाडं कुणीतरी आधीच फवारून गेलं होतं. तो दोन्ही हातांनी पाला ओढून काढू लागला. "राहू द्या," ती म्हणाली, तरी तो थांबेना. पाला कमी पडला म्हणून कोपऱ्यातलं एक रॅक तेवढं उपाशी राहिलं होतं, तेच जगलं. मालये आपल्या तुतीवरची उरलीसुरली पानं वेचून त्या किड्यांना घालत राहिली. त्यांनी कोष केले, पण पातळ.

इल्ह्वान तिच्या घराकडे फिरकेना. चुसोकच्या सकाळी पितरांचं पान मांडून झालं तरी आला नाही. शेवटी तीच त्याच्या दारात गेली.

"भावाच्या नावाने पान वाढलंय आणि तुम्ही इथे बसलात?"

"वहिनी, कोणत्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने या. भात गार होतोय."

तो आला. पितरांपुढे कपाळ टेकून वाकला, तो बराच वेळ उठलाच नाही. मालयेने त्याच्या वाटीत रस्सा वाढला.

वसंतात तुतीला नवी पालवी आली. त्याने कुंपणापाशी येऊन विचारलं, "वहिनी, किड्यांची अंडी कधी आणायची?"

"यंदा नको," ती म्हणाली, आणि भाजीचे वाफे खणत राहिली.