रिकामी किटली

"साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही. मग बोट काढावं लागेल," डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं.

चवीवाल्यांनी बँडेज बांधलेला पाय खुर्चीखाली ओढून घेतला. तयार चहाची पूड बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर कप चाखायचे, हे त्यांचं काम; म्हणून सगळे त्यांना चवीवाले म्हणत.

तोंड उघडलं ते बायकोने. दुधातली प्रथिनं चहातली गुणकारी द्रव्यं धरून ठेवतात, मग साखरेला आवर घालायला तो चहा कामाचा राहत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून घरात दूध बंद होतं, दुधाची किटली फळीवर पालथी. यांना कोरा चहा, आणि यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःलाही कोराच. पिताना तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा, पण बाई हटली नव्हती.

दुधाने चहाचा गुण जातो का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि नुसत्या कोऱ्या चहाने एवढी साखर उतरतही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी कामावरच्या चहाचं विचारलं.

"त्यात दुधाची पावडर असते, साखर असते. पण तो गिळायचा नसतो, थुंकायचा."

"मग थुंकता ना?"

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"बेसिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे," चवीवाले म्हणाले. "पाय टेकला की जीव जातो. साहेबांनी लंगडताना पाहिलं तर घरी बसवतील. म्हणून बसल्या जागी गिळतो."

पाय दुखतो म्हणून गिळायचं, आणि गिळलं म्हणून जखम भरायची नाही. माणूस स्वतःचा घात किती शिस्तीने करतो!

डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवून पंधरा दिवसांची मुदत दिली. घरी जाताना बायकोला राग आला होता, आणि त्याहून जास्त रडू येत होतं.

सकाळी तिने फळीवरची किटली काढली, पुसली आणि त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

"खुर्चीपाशी ठेवा. यात थुंकायचं."

"लोक हसतील गं."

"हसू देत. बोट त्यांचं नाही जायचं."

कारखान्यात पहिला कप आला तेव्हा साहेब दारातच उभे होते. ही किटली कशाला, त्यांनी विचारलं. चवीवाल्यांच्या तोंडात घोट होता. गिळला असता तर लगेच उत्तर देता आलं असतं. त्यांनी झाकण काढलं, मान खाली घालून थुंकले आणि रुमालाने तोंड पुसलं.

"पाय दुखतो, साहेब," ते म्हणाले, आणि पुढचा कप जवळ ओढला.