विभूतीचा ढीग

गौराबाईंनी चिमट्यानं भुश्याचा ढीग उकरला, धुमसणारा शेणाचा एक गोळा बाहेर ओढला आणि फोडून डोळ्यांजवळ नेला. काही कळेना. दोन पावसाळ्यांपासून काळं नि पांढरं त्यांना सारखंच, धुरासारखं दिसत होतं.

हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. सून म्हणून आल्यापासून शिवरात्रीची विभूती त्यांच्याच हातची. गेल्या साली तिच्यात अर्धवट जळलेले काळे खडे निघाले, तर सोनपेठची नणंद भर देवघरात म्हणाली, "वयनी, विभूती केलीस का काजळ?" तेव्हापासून लेक शिवकांत टपूनच होता. यंदा पुन्हा तसं झालं, की विकतची पुडी.

नात ईश्वरी जवळच बाजेवर पुस्तक उघडून बसली होती.

"काय गं, कवाधरनं काय पुटपुटायलीस?"

"इंग्रजी शब्द, आज्जी. जळण्याचे."

"जळायला बी लय सबूद लागत्यात व्हय त्या गोऱ्यांना?"

"लागतेत की. निस्तं वरून करपलं तर स्कॉर्च. आत कोळसा झाला तर चार, आकडा न्हाई, शब्द. आन् जळून राखच उरली तर इन्सिनरेट."

गौराबाईंच्या हातातला चिमटा थांबला.

"निस्ती पोपटपंची काय कामाची? इकडं ये. मी इचारते, तू सांग. ह्यो काय?"

"स्कॉर्च."

गोळा परत भुश्यात गेला.

"आन् ह्यो?"

"चार. मधी काळं ऱ्हायलंय, आज्जी."

"काळं-गोरं तुला कुणी इचारलं? सबूद सांग."

तोही भुश्यात गेला. पुढचा इन्सिनरेट निघाला, तो परातीत. उन्हं भिंतीवर चढली तशी परात भरत आली आणि गौराबाईंची जीभ सैल झाली.

"तुझ्या सोनपेठच्या आज्जीला काय म्हनावं गं? मला बघून जळती ती."

"स्मोल्डर. जाळ दिसत न्हाई, निस्ती धुमसती."

दोघी पदर-ओढणी तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सून अनुपमा ओरडली.

"ईश्वरे, उद्या मराठीचा पेपर हाय ना? इंग्रजीचा तर झाला की मंगळवारी! ते पुस्तक कशाला घेऊन बसलीस?"

ईश्वरीनं पुस्तक मिटलं. मान खाली घातली.

गौराबाईंनी परातीतली राख तीन बोटांवर घेतली, चाचपत नातीचं कपाळ शोधलं आणि आडवी ओढली.

"अनुपमा, तू तुझ्या भाकरी बघ. आमचा अभ्यास चालू हाय."

पुढचा गोळा त्यांनी फोडला. या खेपेला तो स्वतःच्या डोळ्यांकडे नेलाच नाही. नातीपुढे धरला आणि हळूच विचारलं,

"काळा हाय का गं, का पांढरा?"