थांबरावांचे उलटे हात

मित्रांनो, मी एक जुना ड्रायव्हर. गाडीशी माझा संबंध डिकीपुरताच. गोल्फमध्ये चेंडूला पहिला, लांबचा फटका मारणाऱ्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. माझं डोकं लाकडाचं, अंग पोलादाचं आणि मुठीवर तपकिरी चामड्याची पट्टी.

मी ज्यांच्या हाती पडलो, त्यांना हा खेळ कोणी शिकवला नव्हता. मैदानाजवळच्या दुकानाच्या काचेत खेळाडूंची प्रतिबिंबं दिसत. ती पाहून त्यांनी घरी सराव केला. पाय सुलटे बसले, हात मात्र उलटे. इतर खेळाडू डावा हात वर आणि उजवा खाली धरत. यांचा उजवा वर. पुढे याच खेळावर त्यांनी संसार केला, स्पर्धा जिंकल्या, पण हात तसेच राहिले.

आणखी एक खोड होती. मला खांद्याच्या वर नेलं की ते थांबायचे. एक श्वास येऊन जाईपर्यंत. त्या टोकाला गवत, माणसं, ढग, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं शांत व्हायचं. मग मी खाली यायचो. चेंडू कुठे गेला हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. सोबतचे त्यांना थांबराव म्हणत. थांबराव वर गेलेत, तोवर जेवून येऊ, अशी थट्टा चालायची. चेंडू जाऊन पडला की थट्टा करणारेच टाळ्या वाजवायचे.

लेकीला मात्र त्यांनी शिकवलं नाही. माझ्या खोडी तुला लागतील, म्हणायचे. संध्याकाळी मागच्या अंगणात ते मला चेंडूशिवाय फिरवत, ती पायरीवर बसून पाहायची. हवेत माझा सूं आवाज झाला की घरातून त्यांची बायको विचारायची, झालं का हो?

पुढे धातूच्या डोक्याचे ड्रायव्हर आले, थांबरावांचे गुडघे थकले आणि मी कपाटामागे गेलो. लाकडाला चीर पडली. मग थांबरावही गेले.

महिन्याभराने लेकीने मला बाहेर काढलं. घरात करंडक होते, फोटो होते. पण त्यांना खेळताना कोणी चित्रित केलं नव्हतं. तो फटका तिला रोज थोडा कमी आठवत होता.

दुरुस्तीवाल्याने चीर भरली. मूठ पाहून म्हणाला, "ताई, चामडं पार गेलंय. खाचाही उलट्या पडल्यात. काढून रबर बसवतो."

पातं त्याच्या हातातच होतं. त्या खाचा म्हणजे माझ्याजवळ उरलेले थांबराव. मला ओरडता येत नव्हतं. लेकीने मुठीवरून हात फिरवला. तिचा अंगठा एका खाचेत जाऊन बसला.

"मूठ राहू द्या," ती म्हणाली. "तेल तेवढं लावा."

त्या संध्याकाळी ती अंगणात उभी राहिली. बोटं आपोआप खाचांत गेली, उजवा हात वर, डावा खाली. तिने मला उचललं. थांबली. मग मी खाली आलो. सूं.

आतून आवाज आला, "झालं का हो? चहा टाकते."

मग चहाचं भांडं हातात तसंच घेऊन आई दारात आली. लेकीच्या हातांकडे बघत राहिली.

"वर अजून थांब," ती म्हणाली. "ते जास्त थांबायचे."

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल लावा, ओलीपासून जपा. पण तिची झीज काढून टाकण्याआधी एकदा ती हातात धरून पाहा.

आता पुरे. लेकीने मला पुन्हा वर नेलंय, आणि ती थांबली आहे.